पन्नास किलोमीटर, सत्तर एमबीपीएस: लांब पल्ल्याच्या वायरलेस इंटरनेटचे दावे कसे तपासायचे

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाहीतर केबलवाल्याच्या दुकानात कधी ना कधी हा माणूस येतोच. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप आणि पहिल्याच स्लाइडवर नकाशा. नकाशाच्या मधोमध एक टॉवर आणि त्याच्याभोवती अख्खा तालुका मावेल एवढं गुलाबी वर्तुळ. "एकच टॉवर, साहेब. केबल नाही, खोदकाम नाही. पन्नास किलोमीटरपर्यंत हायस्पीड." तंत्राचं नाव दर चार-पाच वर्षांनी बदलतं. वर्तुळ तेच राहतं.

मी काही वर्षं गच्च्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर रेडिओ बसवण्याचं काम केलं आहे. ही माणसं खोटारडी असतात असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना स्लाइडवरचे आकडे खरेच वाटत असतात. खरं सांगायचं तर ते आकडे सुटे सुटे खरेही असतात. गडबड होते ती त्यांना एका वाक्यात बसवताना. तुम्ही इंजिनिअर नसाल तरी ही गडबड पकडता येते. शाळेतलं गणित, फोनमधला कॅल्क्युलेटर आणि थोडा चिवटपणा एवढं पुरतं.

आधी एक जुनी गोष्ट

२००४-०५ च्या सुमारास वायमॅक्स नावाच्या तंत्राचा मोठा गाजावाजा झाला. आयईईई या इंजिनिअरांच्या संघटनेचं ८०२.१६ हे त्याचं मानक. इंटेलसारखी कंपनी पाठीशी होती. वर्तमानपत्रांतून सगळीकडे एकच वाक्य छापून येई: पन्नास किलोमीटर आणि सत्तर एमबीपीएस.

दोन्ही आकड्यांना आधार होता. उंचावरून उंचावर, मध्ये काहीही न येता, डिश रोखून लिंक लावली तर पन्नास किलोमीटर जाता येत होतं. टॉवरच्या जवळ, चांगला सिग्नल असताना आणि २० मेगाहर्ट्झचा पूर्ण पट्टा हाताशी असताना सत्तरच्या आसपासचा वेग मिळत होता. पण हे दोन आकडे एकाच गिऱ्हाइकाच्या घरी एकत्र कधीच भेटणार नव्हते. 'आणि' हा शब्द जाहिरातीने घातला होता.

अमेरिकेत स्प्रिंट आणि क्लिअरवायर यांनी शहरांमध्ये खरंच जाळं उभारलं. सप्टेंबर २००८ मध्ये बाल्टिमोरपासून सुरुवात झाली. ग्राहकांना सांगितला जाणारा सरासरी वेग ३ ते ६ एमबीपीएस होता आणि टॉवर एकमेकांपासून थोड्या किलोमीटरांवरच लावावे लागले. २०१६ पर्यंत ते जाळं बंदही झालं. आपल्याकडे २०१० मध्ये ब्रॉडबँड वायरलेसच्या लहरींचा लिलाव झाला आणि सरकारला त्यातून ३८ हजार ५४३ कोटी रुपये मिळाले. तेव्हा या पट्ट्यावर वायमॅक्स येणार असंच अनेकांना वाटत होतं. देशभरातल्या बावीसही सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार विभागांमध्ये, पट्टा मिळवणारी इन्फोटेल ही कंपनी रिलायन्सने लगेच विकत घेतली, आणि २०१६ मध्ये जिओ आलं ते एलटीई, म्हणजे फोरजी, घेऊन.

वायमॅक्स वाईट नव्हतं. फक्त त्याच्या नावावर खपवलेलं वाक्य वाईट होतं.

पायरी १: 'पर्यंत'भोवती गोल करा

जाहिरात किंवा कोटेशन कागदावर घ्या आणि जिथे जिथे 'पर्यंत' आहे तिथे पेनाने गोल करा. मग विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, तोही लेखी: "टॉवरपासून इतक्या किलोमीटरवरच्या घरात, इतकी घरं एकाच वेळी वापरत असताना, प्रत्येकाला किती वेग मिळेल?" अंतर, माणसं आणि वेग, तिन्ही एकाच वाक्यात, एकाच जागेचे, एकाच वेळेचे. तीन वेगवेगळी उत्तरं आली तर ती उत्तरं धरू नका.

जाता जाता एक. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फाइल उतरताना संगणक दाखवतो ते बहुधा मेगाबाइट असतं, म्हणजे आठपट मोठं एकक. यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

पायरी २: पृथ्वी गोल आहे हे आठवा

ही पायरी सगळ्यात सोपी, आणि मोठे दावे बहुतेक इथेच पडतात.

इंटरनेटच्या रेडिओलहरी जवळपास सरळ जातात. हवेमुळे किंचित वाकतात, म्हणून डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पलीकडे पोचतात. त्याचं सूत्र सोपं आहे: उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. तेवढे किलोमीटर ते टोक 'पाहू' शकतं. दोन्ही टोकांची बेरीज केली की कमाल अंतर आलं.

टॉवर ४० मीटर उंच धरू. ४० चं वर्गमूळ ६.३, म्हणजे टॉवरचा वाटा सुमारे २६ किलोमीटर. तुमच्या घरावरचा अँटेना जमिनीपासून ९ मीटरवर. वर्गमूळ ३, वाटा १२ किलोमीटर. बेरीज ३८. सपाट जमीन असली, मध्ये झाड-इमारत काही नसलं तरी ३८ च्या पुढे जमीनच आडवी येते. पन्नास गाठायचे तर टॉवर ८४ मीटरच्या आसपास हवा. आणि घरावर अँटेना नसून हातात मोबाइल असेल, जमिनीपासून दीड मीटरवर, तर त्याचा वाटा पाचच किलोमीटर.

हे झालं सपाट जमिनीचं. कोकणात किंवा मावळात हे सूत्र लावून बघायची गरजच नाही, समोरचा डोंगर सगळं सांगतो. मात्र तोच डोंगर तुमचाही होऊ शकतो. टॉवर डोंगरावर असेल तर उंची मोजताना त्याची गावापेक्षा जास्त असलेली उंची धरा. आकडा एकदम फुगतो. लांबच्या लिंकांच्या बहुतेक यशोगाथा डोंगरांवरच्या असतात त्या यामुळेच.

समोरचं टोक नुसतं दिसून भागत नाही. दोन टोकांमधली लहर तारेसारखी नसते, मधोमध फुगलेल्या दुधी भोपळ्यासारखी असते. १० किलोमीटरच्या लिंकमध्ये, ५.८ गिगाहर्ट्झवर, मधल्या जागी या भोपळ्याची त्रिज्या ११ मीटरच्या वर असते. त्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे रेषेच्या खाली सात मीटर, मोकळा लागतो. दुर्बिणीतून टॉवर स्वच्छ दिसतो आणि तरी लिंक धापा टाकते, त्याचं कारण बहुधा रेषेच्या जरा खाली उभा असलेला आंबा.

आणि झाडांचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. आमच्याकडे एका टेकडीवरच्या देवळापासून खालच्या वाडीपर्यंत एकाने मार्चमध्ये डेमो दिला. सागाची पानं गळलेली, नुसते खराटे उभे. लिंक अशी झकास चालली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुलैत साग सुपाएवढ्या पानांनी भरला, वर ती पानं ओली. लिंक गेली ती दसऱ्याच्या सुमारास परत आली. सहा गिगाहर्ट्झच्या खाली पावसाच्या सरी फारशा आडव्या येत नाहीत. पावसात भिजलेली पानं मात्र येतात. त्याच्या खूप वर, समजा ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओला, पाऊस तर सोडाच, हवेतला ऑक्सिजनच दर किलोमीटरला पंधराएक डेसिबल खाऊन टाकतो, म्हणजे ताकद तिसाव्या हिश्शावर येते. 'लांब पल्ला' आणि '६० गिगाहर्ट्झ' एकाच पत्रकात दिसले तर त्या पत्रकाची घडी घाला.

पायरी ३: उत्तर परत कसं येणार ते विचारा

टॉवरला मोठा आवाज असतो, वीस-चाळीस वॅटचा. मोबाइलचा आवाज ०.२ वॅट. म्हणजे देवळाच्या कर्ण्यावरून कीर्तनकार बोलतोय आणि शेवटच्या रांगेतून तुम्ही कुजबुजत उत्तर देताय. कीर्तनकाराचा आवाज तीन शेतं पलीकडे जातो म्हणून तुमची कुजबुजही त्याला ऐकू येईल असं थोडंच आहे? इंटरनेट म्हणजे दोघांचं बोलणं, त्यामुळे पल्ला ठरतो तो दुबळ्या बाजूवर.

विक्रेता फोनवर सिग्नलच्या काड्या दाखवतो. त्या काड्या टॉवर तुम्हाला ऐकू येतोय एवढंच सांगतात. त्याऐवजी तिथूनच व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि पलीकडच्या माणसाला विचारा, "माझं चित्र थांबतंय का?"

पायरी ४: किती रुंद रस्ता, किती गाड्या

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने एक मर्यादा मांडली, तीही सूत्रासकट. ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातून, गोंगाटाच्या तुलनेत ठरावीक ताकदीच्या सिग्नलने, जास्तीत जास्त किती माहिती पाठवता येते याची ती मर्यादा. सिग्नल गोंगाटाच्या दहापट असेल तर दर मेगाहर्ट्झमागे साधारण साडेतीन एमबीपीएस. शंभरपट असेल तर साडेसहाच्या थोडं वर. गंमत बघा: ताकद दहापट वाढवली तेव्हा वेग दुप्पटही झाला नाही.

म्हणून विचारायचं, पट्टा किती मेगाहर्ट्झचा? समजा उत्तर आलं, पाच मेगाहर्ट्झमधून शंभर एमबीपीएस. म्हणजे मेगाहर्ट्झमागे वीस. त्यासाठी सिग्नल गोंगाटाच्या दहा लाखपट हवा. टॉवरला टेकून बसलात तरी तसा मिळणं अवघड, वीस किलोमीटरवर तर नाहीच. यातून निघायची एक प्रामाणिक वाट आहे: अनेक अँटेना वापरून एकाच पट्ट्यातून दोन, चार किंवा जास्त प्रवाह सोडणं. आजचं फोरजी-फाइव्हजी तेच करतं. तेव्हा विक्रेता "आमचे चार प्रवाह आहेत" म्हणाला तर ऐकून घ्या. "आमच्या तंत्राला शॅनन लागू होत नाही" म्हणाला तर चहा पाजा आणि निरोप द्या.

अंतराने सिग्नल किती घटतो याचाही अंदाज असू द्या. मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झालं की ताकद चौथा हिस्सा उरते. घरं-झाडं असलेल्या जमिनीवर तीच दुपटीला दहा-पंधरा पटींनीही खाली येते. या फरकामुळेच एक आवडता युक्तिवाद फसवा ठरतो: "उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरून इंटरनेट देतो, मग आमचा टॉवर पन्नासवरून का नाही?" कारण उपग्रह आणि तुमच्या डिशच्या मध्ये सागाचं झाड नसतं. ते मध्ये आलं की उपग्रहाचंही इंटरनेट तुटतं.

पायरी ५: गुलाबी वर्तुळात माणसं मोजा

ज्यांना एकच पायरी लक्षात ठेवायची असेल त्यांनी ही ठेवावी. इतर सगळे दावे खरे निघाले तरी हिच्यावर अडतं.

एका टॉवरकडे वेगाची जी काही थैली असते ती वर्तुळातल्या सगळ्यांची मिळून असते. वर्तुळ मोठं झालं म्हणून थैली मोठी होत नाही, उलट कडेच्या दुबळ्या सिग्नलवाल्यांना जास्त वेळ द्यावा लागतो म्हणून आक्रसते. आणि वर्तुळातली माणसं वाढतात ती त्रिज्येच्या वर्गाने.

हिशेब करू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ३६५ माणसं. तीन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे २८ चौरस किलोमीटर, साधारण दहा हजार माणसं. तीस किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे २,८२७ चौरस किलोमीटर, दहा लाखांवर माणसं. पल्ला दहापट, माणसं शंभरपट. आता टॉवरवर तीन दिशांना तीन सेक्टर, प्रत्येकी ४० एमबीपीएस धरा, मिळून १२०. शंभरातला एकच माणूस एका वेळी काही उतरवतोय असं माना. लहान वर्तुळात प्रत्येकाला एक एमबीपीएसच्या थोडं वर मिळतं. मोठ्या वर्तुळात बारा केबीपीएस (हजार केबीपीएसचा एक एमबीपीएस). वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टेलिफोनच्या तारेवर किरकिर करणारा डायलअप मोडेम ५६ देत होता. जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला निदान दोन एमबीपीएस लागतात हे शेजारी ठेवून बघा.

माझी थैली लहान वाटत असेल तर दहापट करा. बारा केबीपीएसचे एकशेवीस होतील.

मोबाइल कंपन्या शहरात चौकाचौकात टॉवर का लावतात? सिग्नल पोचत नाही म्हणून कमी, वाटणीसाठी जास्त. दाट वस्तीत लांब पल्ला ही अडचण असते. तो कमी करायला इंजिनिअर अँटेना मुद्दाम खाली झुकवतात.

मग लांब पल्ला खरा कुठे असतो?

दोन ठराविक टोकांमध्ये. व्हेनेझुएलात २००७ मध्ये एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांच्या गटाने दोन पर्वतांच्या दरम्यान ३८२ किलोमीटरची वायफाय लिंक चालवून दाखवली. दोन्ही बाजूंना सुमारे तीन एमबीपीएस. आकडा खराच आहे, पण तिथे दोन टोकं होती, प्रत्येकी एक मोठा अँटेना आणि मध्ये नुसती दरी. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलीच्या संशोधकांबरोबर याच जातीच्या लांब वायफाय लिंका लावल्या आणि गावातल्या केंद्रातला रुग्ण शहरातल्या डॉक्टरला व्हिडिओवर दाखवला. आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने टीव्हीच्या मोकळ्या पडलेल्या लहरींवर गावं जोडण्याचे प्रयोग केले. या लहरी पाचशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, त्यामुळे झाडोऱ्यातून बऱ्या जातात. तिथेही वायरलेसचं काम होतं फायबरच्या टोकापासून गावापर्यंतचा मधला टप्पा उचलणं, अख्ख्या जिल्ह्याला एका टॉवरवरून पाजणं नव्हे.

मोजूनमापून बोलणारे लोक कोणते आकडे वापरतात तेही बघा. ग्रामीण भारतासाठी फाइव्हजीत मोठ्या सेलची, म्हणजे एका टॉवरच्या मोठ्या क्षेत्राची, सोय असावी म्हणून आपल्या संशोधकांनी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात आग्रह धरला आणि ती कसोटी मान्य झाली. त्या कसोटीतलं टॉवर ते टॉवर अंतर आहे सहा किलोमीटर.

लोरा नावाचं तंत्र मात्र पेन्सिल सेलच्या ताकदीवर दहा-पंधरा किलोमीटर सहज जातं. बलूनवरून ते शेकडो किलोमीटर गेल्याच्या नोंदी आहेत. त्याचा वेग फार तर काही दशक केबीपीएस. विहिरीतल्या पाण्याची पातळी कळवायला उत्तम. त्यावर कोणी 'इंटरनेट' विकत असेल तर हसू येऊ द्या.

पायरी ६: कागद मागा

लहरी कोणत्या पट्ट्यातल्या? लिलावात घेतलेल्या असतील तर कोणाच्या नावावर? परवानामुक्त असतील, म्हणजे २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या, तर ताकदीवर मर्यादा आहे. २.४ गिगाहर्ट्झवर अँटेनासकट चार वॅट. परवानामुक्त पट्टा सगळ्यांचा असतो. आज स्वच्छ चालणारी लिंक उद्या शेजारच्या गावात दुसऱ्याने रेडिओ लावला की रडू शकते, आणि तक्रार करायला जागा नाही.

उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची, म्हणजे लहरींचं नियोजन बघणाऱ्या शाखेची, ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची) मान्यता आहे का, तिचा क्रमांक काय? सेवा देणाऱ्याकडे इंटरनेटचा परवाना कोणत्या वर्गाचा, आणि त्यात तुमचा जिल्हा येतो का? हे चार प्रश्न विचारल्यावर निम्मी मंडळी "ऑफिसमधून मेल करतो" म्हणतात. मेलची वाट बघा.

पायरी ७: हेच यंत्र दुसरं कोण बनवतं?

२००५ मध्ये फ्लोरिडातल्या एक्सजी टेक्नॉलॉजी या कंपनीने एक्समॅक्स नावाचं तंत्र पुढे आणलं. अगदी थोड्या ताकदीत लांब पल्ला आणि ब्रॉडबँडचा वेग, असा दावा होता. रेडिओ इंजिनिअरांनी लगेच शंका काढल्या: सिग्नलची रुंदी नेमकी कशी मोजली? पुढे एक्समॅक्स याच नावाखाली कंपनीने निराळ्या तऱ्हेचे, मोकळी लहर शोधून वापरणारे रेडिओ विकायला घेतले आणि २०१९ मध्ये कंपनीचं नावही बदललं. ते जग बदलणारं मूळ वचन कोणाच्या घरी पोचलं नाही.

पेटंट आहे म्हणजे ते चालतं असं नाही. कल्पना नवी आहे एवढंच पेटंट सांगतं. त्यापेक्षा मानक बघा. वायफाय, एलटीई, फाइव्हजी यांची यंत्रं अनेक कंपन्या बनवतात, एक बुडाली तर दुसरीचं घेता येतं. एकाच कंपनीचं गुपित तंत्र घेतलंत तर ती उठून गेल्यावर टॉवरवर उरतो पत्र्याचा डबा.

पायरी ८: डेमो तुमच्या जागी, तुमच्या वेळेला

विक्रेत्याने निवडलेली टेकडी नको. गावातली सगळ्यात वाईट जागा तुम्ही निवडा: ओढ्याकाठचं घर, चिंचेमागची शाळा. डेमोला एकच लॅपटॉप असेल तर वाटणीची परीक्षा होतच नाही. निदान दहा-बारा फोन आणा आणि सगळ्यांवर एकदम व्हिडिओ लावा. ट्राय या दूरसंचार नियामकाचं मायस्पीड ॲप किंवा कुठलंही वेगमापक चालेल, फक्त डाउनलोडबरोबर अपलोडही लिहून घ्या. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला, कारण सगळं गाव रात्री नऊला इंटरनेटवर असतं.

टॉवरला स्वतःला इंटरनेट कुठून येतं हेही विचारा. भारतनेटचं, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेचं, फायबर असेल तर ते सध्या चालू आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन डोळ्यांनी बघा. वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकते ते कोटेशनमध्ये वाचू नका, मेन स्विच बंद करून घड्याळ लावा.

आणि पैसे. सगळे एकदम देऊ नका. करारात पायरी एकचं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या: अमुक घर, अमुक अंतर, इतके जण एकाच वेळी, इतका वेग. शेवटचा हप्ता त्याच मोजणीला बांधा, आणि मोजणीची तारीख ऑगस्टमधली घाला, साग पानांनी भरलेला असतानाची.